कढी राहते कुठे? वनौषधींचे गूढकोडे: सोडवणूक, फोड आणि हरकती

चौकोन
नवे गूढकोडे, विषय वनौषधी आणि मसाल्याचा डबा. चौकट ११×११. खाली फक्त विषयातले शब्द देतोय, मधले आकडे भरणीच्या शब्दांचे. कंसात घरांची संख्या.

आडवे
२. नारद काय करी? ज्वाळेसारखी फुलून विष कंदात ठेवी (४)
४. हाकेला उत्तर, मग शाबासकी. पोट दुखायचे थांबले (२)
६. हमाल 'ह' टाकून 'त' उचलतो, टपाल पोहोचवतो. मसाल्यात सापडतो (५)
११. जीव दे! शाबास! वास सुटला (३)
१३. शेपटाचे टोक तुटले, भाजी झाली (२)
१५. आषाढाच्या आदल्या महिन्यात पोळ्यातून काढलेला. घसा बसला की चघळा (४)
२१. अर्धवट वेड, आख्खा आशिया, घुटीत उगाळलेले (३)
२२. गावाकडचे रक्त उलटे फिरले, पांढरे फुलले (३)
२४. अशोकाने कोरवलेली, स्मरणासाठी खाल्लेली (२)

उभे
२. कढी राहते कुठे? फोडणीत तडतडतो त्याला विचारा (४)
३. आद्याक्षरांवरून साहित्यिक, पण चटणीत वाटले जातात (३)
७. मालवणी 'मला' केसांच्या तेलात (२)
८. घट्ट करा! देऊन कोहळा काढा (३)
१२. दात धरून ठेवणारी पुरुष झाली, त्रिफळ्यात गेली (३)
१४. चंद्राचा तुकडा तमाशात. भाजल्यावर गर लावा (४)
१६. आराधनेत मिळाले, भाजून कुटले (२)
१७. ढेपेवर चढलेली, तरी कडूच (४)
१९. सजव, पण विस्कटून. बी तेलाची (३)
२०. डाकू उलटला, कडू झाला (२)

उत्तर लिहिताना फोडही लिहा. नुसते उत्तर म्हणजे परीक्षेत शेजाऱ्याचे बघून लिहिल्यासारखे.

खोडरबर
शब्दकोडी येतात, गूढकोडी नाहीत. सुरुवात कुठून करायची? 'कढी राहते कुठे' वाचून नुसते हसू येतेय.

उभाआडवा
हसू आले म्हणजे अर्धे काम झाले. गूढ सूचनेचे दोन भाग असतात: सरळ अर्थ आणि शब्दांची कसरत. सरळ अर्थ नेहमी एका टोकाला असतो, मधोमध नाही. तेव्हा सूचना वाचली की आधी चिरा कुठे मारायचा ते शोधा. या कोड्यात बऱ्याच ठिकाणी स्वल्पविराम किंवा पूर्णविराम आहे, म्हणजे चौकोन यांनी चिरा स्वतःच मारून दिलाय. सवय झाली की तो मिळणार नाही, हे लक्षात असू द्या.

उदाहरणाला आडवे ४ घ्या. 'पोट दुखायचे थांबले' हा सरळ अर्थ. हाकेला उत्तर म्हणजे 'ओ', शाबासकी म्हणजे 'वा'. ओ + वा = ओवा. झाले.

उभे १४ ही तशीच जोडणी: चंद्राची कोर, तमाशाचा फड, मिळून कोरफड. इथे 'फड' ऐवजी आधी 'तंबू', 'बारी', 'वग' सुचतात. पण चार घरे आणि 'भाजल्यावर गर' हे दोन्ही पुढे ठेवले की दुसरे काही बसत नाही.

वेलांटी
घरे मोजण्याचा नियम आधी सांगा, नाहीतर पुढे सगळे घसरेल. एक घर म्हणजे एक अक्षर, त्याच्या काना-मात्रा-अनुस्वारासकट. जोडाक्षर अखंड एका घरात, अर्धे अक्षर पुढच्या अक्षराबरोबर जाते. म्हणून आडवे १५ ज्ये-ष्ठ-म-ध असे चार घरांचे. ज्येष्ठ महिना + मध. 'जेष्ठमध' लिहिलात तरी घरे चारच भरतात, पण उत्तर चूक. पहिल्या घरातून काही उभे जात नसेल तर ही चूक कोडे संपले तरी कळत नाही.

आडवे २४ मध्ये तोच सापळा जास्त वाईट आहे. ब्राह्मी: ब्रा-ह्मी. निम्मे लोक 'ब्राम्ही' लिहितात. ह खाली नाही, म ला ह जोडलेला नाही, तर ह ला म जोडलेला आहे. ब्रह्म आठवा, म्हणजे चुकणार नाही.

झाडपाला
२४ ची सूचना फारच आवडली. शिलालेखांची लिपी आणि पाणथळ जागी पसरणारी वेल, दोन्ही ब्राह्मी. (अशोकाच्या वायव्येकडच्या लेखांत खरोष्ठीही आहे, पण बहुतेक लेख ब्राह्मीतच, त्यामुळे सूचना टिकते.) ही लिपी जेम्स प्रिन्सेप यांनी १८३७ मध्ये उलगडली, त्याआधी कित्येक शतके ती कोणालाच वाचता येत नव्हती. स्मरणशक्तीच्या वनस्पतीचे नाव असलेली लिपीच सगळे विसरले होते, याहून गूढ सूचना कोणी रचू शकणार नाही.

उभाआडवा
अलंकार शिकलेल्यांसाठी एक सोपा कप्पा. श्लेषाचे दोन प्रकार आठवा. शब्द न तोडता दोन अर्थ निघाले तर अभंग श्लेष: ब्राह्मी, माका, आवळा. शब्द तोडून अर्थ निघाला तर सभंग: ओवा, कोरफड, मरवा. सूचनेत कसरतीचा शब्द, म्हणजे 'उलटा', 'विस्कटून', 'तुटले', 'टाकून' असे काही नसेल तर हेच दोन प्रकार आधी तपासायचे.

उभे ७ मध्ये 'माका' म्हणजे मालवणीत 'मला', आणि माक्याचे तेल केसांना लावतात. उभे ८ मध्ये 'आवळा' म्हणजे दोरी घट्ट करा, आणि आवळा देऊन कोहळा काढतात ती म्हण. दोन्ही अभंग. म्हण वापरलेली सूचना सोपी वाटते, पण तिथे आज्ञार्थ दिसायला वेळ लागतो, कारण डोक्यात फळ बसलेले असते.

खोडरबर
मग उभे २ = कढीलिंब? चार घरे, फोडणीत तडतडतो. क-ढी-लिं-ब.

उभाआडवा
इथेच विषय घात करतो. सरळ अर्थाला कढीलिंब आणि कढीपत्ता दोन्ही चालतात, घरेही दोन्हींची चार. पण प्रश्न 'राहते कुठे' असा आहे. माणूस कुठे राहतो हे ज्याने कळते तो पत्ता. कढीचा पत्ता = कढीपत्ता. कसरत पूर्ण जुळल्याशिवाय शाई लावू नये, पेन्सिलच बरी.

छेदही तेच सांगतो. आडवे ६ चे चौथे घर आणि उभे २ चे तिसरे घर एकच आहे. हमाल मधला 'ह' टाकून 'त' घेतला की तमाल, टपाल म्हणजे पत्र: त-मा-ल-प-त्र. चौथे घर 'प'. कढीलिंब धरला तर तिथे 'लिं' येतो आणि 'तमाललिंत्र' नावाची वनस्पती अजून उगवलेली नाही.

झाडपाला
आडवे २ आणि उभे २ एकाच घरातून निघतात, म्हणजे नारदही 'क'ने सुरू होणार. नारद काय करी? कळ लावी. = कळलावी. 'करी'ला 'लावी' हे जुन्या वळणाचे रूप नेमके बसते. फुलाच्या पाकळ्या वर वळलेल्या, खाली पिवळ्या, टोकाला लाल, म्हणून ज्वाळा म्हटले ते बरोबर. कंद खरोखर विषारी आहे आणि सूचनेत तो उल्लेख असलेला बरा. औषधी म्हटले की सगळे खाण्याजोगे असा समज असतो.

वेलांटी
आता माझ्या हरकती.

पहिली, आडवे १३. उत्तर शेपू आहे हे उघड आहे: शेपूट मधला 'ट' तुटला. पण सूचनेत शब्द आहे 'शेपटाचे'. सामान्यरूपात 'पू' चा 'प' झाला. 'शेपटा'चे टोक तोडले तर 'शेप' उरते. ज्या शब्दावर कात्री चालवायची तो सूचनेत मूळ रूपातच असला पाहिजे. समानार्थी शब्द डोक्यात आणायचा असेल तर प्रत्यय चालतो, कारण अक्षरे सूचनेतून उचलायची नसतात. इथे उचलायची आहेत.

दुसरी, उभे १७. ढेप गुळाची, वर वेल, उत्तर गुळवेल. पण गूळ दीर्घ, गुळवेल ऱ्हस्व.

तिसरी, उभे २०. डाकू उलटला तर 'कूडा' होतो. झाडाचे नाव कुडा. चूक.

चौकोन
१३ मान्य. 'शेपूट शेवटी तुटले, भाजी झाली' असे वाचावे. १७ मान्य नाही. ऱ्हस्व-दीर्घ कोड्यात सैल धरायची पद्धत आहे. मग २० ही चालायला हवे.

वेलांटी
पद्धत आहे म्हणून नियम नाही असे होत नाही. तरी १७ मी पुन्हा तपासले आणि ती हरकत मागे घेते. साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम, १९६२ चे १४ आणि १९७२ चे ४, त्यांत अकारान्त शब्दातला शेवटून दुसरा इकार-उकार दीर्घ आणि सामान्यरूपात तोच ऱ्हस्व: गूळ, पण गुळाचा. 'गुळवेल' मध्ये गुळ पुढे सरकला, शेवटून दुसरा उरला नाही, म्हणून ऱ्हस्व झाला. हा बदल भाषा स्वतः करते. सोडवणाऱ्याच्या जिभेवर तो आपोआप होतो. फसवणूक नाही.

२० मध्ये तसे नाही. तिथे तुम्ही अक्षरे यांत्रिकपणे उलटवताय. डा-कू ची उलट कू-डा, बस. मधे भाषेचा कुठलाही नियम 'कू'ला 'कु' करत नाही.

उभाआडवा
आणि यातून रचनाकारासाठी फार उपयोगी गोष्ट निघते. मराठीत शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ लिहितात. शब्द उलटवला की ते शेवटचे अक्षर पहिले होते, आणि तिथे बहुधा ऱ्हस्व हवे असते. म्हणजे इ-उ असलेला शब्द उलटवायला किंवा विस्कटायला घेतला की बहुतेक वेळा अडणारच. ज्यात फक्त अ, आ, ए, ओ आहेत ते शब्द निवडायचे. याच कोड्यातले दोन बघा. आडवे २२: गावाकडचे रक्त म्हणजे 'रगत', उलटे केले की तगर, फूल पांढरे. उभे १९: स-ज-व विस्कटले की जवस. एकही वेलांटी नाही, एकही उकार नाही. म्हणून कोणी हरकत घेतली नाही.

२२ ही या कोड्यातली सगळ्यात उत्तम सूचना. लाल रक्त उलटते आणि पांढरे होते, यात चित्र आहे. नुसती करामत नाही.

खोडरबर
जमायला लागले. १६: आ-रा-ध-ने-त मध्ये सलग 'धने' दडलेत! आणि १५ च्या शेवटच्या 'ध' पासूनच ते खाली उतरतात, जुळले. २१: अर्धे वेड = वे, आशिया = खंड, वेखंड. त्यातला 'वे' गुळवेलीचे तिसरे घर, शेवटचा 'ड' कोरफडीचा. पण ३ आणि १२ ची फोड कळत नाही.

झाडपाला
१२: दात धरून ठेवणारी ती हिरडी. पुरुष झाली की हिरडा. त्रिफळ्यात हिरडा, बेहडा, आवळा. लिंगबदल ही मराठीतच शोभणारी युक्ती आहे, आघाडी-आघाडा सुद्धा असाच होतो. मात्र एका कोड्यात एकदाच वापरावी. दुसऱ्यांदा आली की सोडवणारा आधीच टपून बसलेला असतो.

सूचनेत शेवटी 'गेली' आहे, तिथे 'गेला' हवे. पुरुष झाल्यावर जाणारा हिरडा आहे.

३: पु. दि. ना. आपल्याकडे साहित्यिकांना आद्याक्षरांनी ओळखायची रीत आहे, त्यावरचा विनोद. वाटणारे आणि वाटले जाणारे, तिथेही छोटा श्लेष आहे.

वेलांटी
पुदिन्याची कसरत म्हणजे कसरत नाही, गंमत आहे. पण गंमत चांगली असेल तर मी गप्प बसते.

उभाआडवा
आडवे ११ बद्दल मात्र गप्प बसता येत नाही. मर + वा = मरवा, फोड झकास. सरळ अर्थ काय दिलाय? 'वास सुटला'. मग दवणा का नाही, केवडा का नाही? आणि 'वास सुटला' ही क्रिया आहे, उत्तर नाम आहे. सरळ अर्थ असा असावा की उत्तराच्या जागी वाक्यात ठेवता येईल. शिवाय 'वा' हा तुकडा ओव्यात आधीच येऊन गेलाय, तोही 'शाबासकी' म्हणूनच. निदान शब्द तरी बदला.

चौकोन
बरोबर. '११. जीव दे! झकास! गजऱ्यात माळायचा सुगंधी पाला (३)' असे करतो.

एक विचारतो. 'जिरे' साठी लिहिले होते: 'जिरले, ल गळाला (२)'. भरणीत ठेवावे का?

वेलांटी
नको. ले मधला 'ल' काढला तर मात्रा कुठे लटकवणार? ती आधीच्या 'र' वर उडी मारत नाही. देवनागरीत घर अक्षराचे आहे, स्वर सुटा करून नेता येत नाही. काढायचे तर अख्खे अक्षर काढा.

उभाआडवा
मग 'जिरेना' घ्या. 'खोड जिरेना, पण नकार मागे घेतला. फोडणीत पडले (२)'. जि-रे-ना मधला 'ना' गेला, जिरे उरले. अक्षर अख्खे गेले, अर्थही नकाराचा गेला.

चौकोन
हे घेतले. आता उलटा प्रश्न, रचताना यादी कशी करता? माझ्याकडे चाळीसेक वनस्पती होत्या, त्यातल्या या उरल्या.

उभाआडवा
प्रमाण ठीक आहे. आधी प्रत्येक नाव तोडून, उलटून, कापून बघायचे आणि ज्याची फोड ओढूनताणून येते ते सोडून द्यायचे. तुळस घ्या: 'सातवी रास आणि काना गळालेला पहिला सूर'. तूळ + स. अंकगणित बरोबर, पण वाचताना कंटाळा येतो आणि 'सा'चा काना गाळण्याला काही कारण नाही. अश्वगंधा तर स्वतःच फुटून पडलेली आहे, 'घोड्याचा वास' लिहिले की कोडे उरत नाही. नावाची व्युत्पत्ती हीच फोड असेल तर सूचना फुकट जाते. लोकांना नावातला तुकडा दिसेनासा झालेला असतो तिथे खरी मजा: कोरफडीत कोणाला तमाशा दिसत नाही.

मग पाच आणि चार घरांचे शब्द आधी बसवायचे. छेदासाठी र, व, ल, म, क, न, प, ता अशी वाहती अक्षरे ठेवायची. 'ह्मी', 'ष्ठ', 'ज्ये', 'त्ता' यांच्यावर छेद आणू नये, त्यांच्यातून जाणारा दुसरा शब्द शोधण्यात दिवस जातो आणि शेवटी कोणाला न कळणारी भरणी टाकावी लागते. तुमच्या चौकटीत 'ष्ठ' मोकळा सोडलाय, ते नीट केलेत.

झाडपाला
नावांच्या बाबतीत एक खबरदारी. निरगुडी आणि निर्गुडी दोन्ही लिहितात. पहिली चार घरांची, दुसरी तीन. सोडवणारा बरोबर वनस्पती ओळखून चुकीची घरे मोजतो आणि उत्तर सोडून देतो. कोथिंबीर-कोथंबीर मध्ये घरे चारच, पण दुसऱ्या घरातून छेद गेला की गोंधळ. अशा नावांच्या दोन रूपांत जिथे फरक पडतो तिथे छेद नको, किंवा फोडीतून रूप पक्के व्हायला हवे.

वेलांटी
'आले' चेही तेच. 'पाहुणे दारात, चहात किसून' ही जुनी सूचना आहे, ती एकाच रूपाला बसते. पाहुणे आलं असे कोणी म्हणत नाही.

खोडरबर
म्हणून यादीत आले नव्हते होय! दोन घरांचे शब्द मी आधी यादीवरून भरत होतो: आले, मेथी, जिरे, बेल, वाळा... काहीही बसत होते.

उभाआडवा
दोन घरांच्या वनस्पती डझनावारी आहेत, त्यात विषयाची मदत शून्य. ते शेवटी, छेदाचे एक अक्षर हातात आल्यावर. विषयाचा खरा उपयोग चार-पाच घरांना. तिथे नावे मोजकी असतात.

वाळ्यावरून आठवले, तो वाया का घालवलात? 'बाळाच्या पायात वाजतो, माठात गार वास सोडतो (२)'. अभंग, स्वच्छ.

चौकोन
तो पुढच्या कोड्यासाठी राखून ठेवला होता, आता गेला. सब्ज्याची सूचना तरी कोणी फोडू नका: 'कब्जा होता, पहिल्या घरात 'स' घुसला, पाण्यात फुगला (२)'.

वेलांटी
स्वतःच फोडलीत की.

चौकोन
बरं. दुरुस्त्या अशा: ११ आणि १३ वर दिल्याप्रमाणे. १२ मध्ये 'गेला'. २० रद्द, त्या जागी सब्जा, पण 'कु' वर छेद आहे, त्यामुळे त्यातून जाणारी आडवी भरणी बदलावी लागेल. 'कुरण' काढून तिथे 'सरण' टाकतोय.

वेलांटी
औषधांच्या कोड्यात सरण?

चौकोन
'सण' दोनच घरांचा आहे हो. 'सरळ' करतो.